कंपनीला कवच, जामीनदाराला नोटीस

कंपनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत गेली की संचालकांच्या घरी पहिल्यांदा जरा हायसे वाटते. स्थगिती मिळाली, आता बँकेला हात लावता येणार नाही, असे कुणीतरी जाणकार सांगतो. मग काही आठवड्यांत रजिस्टर पोस्टाने बँकेची नोटीस येते. तिच्यावर संचालकाचे नाव असते, त्याच्या पत्नीचे असते आणि भिडेखातर आपला फ्लॅट तारण ठेवून बसलेल्या मेहुण्याचेही असते. स्थगिती खरीच असते, पण ती कंपनीपुरती असते. जामीनदारांना कायद्याने संरक्षण दिले आहे, मात्र ते वेगळ्या कलमांत आहे, तुटपुंजे आहे आणि मुदतीत मागितले तरच मिळते. ते कसे चालते, ते नीट समजून घेऊ.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चिंचवडजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दोघे भाऊ संचालक. बँकेने ३ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा दिली. मशिनरी आणि माल तारण घेतला. शिवाय दोघा भावांची, धाकट्याच्या पत्नीची आणि थोरल्याच्या मेहुण्याची वैयक्तिक हमी घेतली. मेहुण्याने कोथरूडचा राहता फ्लॅटही गहाण ठेवला. मोठ्या गिऱ्हाईकाने पैसे थकवले, हप्ते चुकले, खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, झाले आणि प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई पीठासमोर उभे राहिले.

सगळ्याचा पाया भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये आहे. त्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. लोकांचा समज असतो की बँकेने आधी कंपनीची मशिनरी विकावी, कमी पडेल तेवढ्यासाठीच आपल्याकडे यावे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच, बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात, हा समज मोडीत काढला. मूळ कर्जदाराकडचे सगळे उपाय संपेपर्यंत बँकेने थांबावे, ही अट जामीनदाराला घालता येत नाही. म्हणजे बँक पहिल्याच दिवशी मेहुण्याच्या दारात आली तरी तिचे कायद्याने चुकत नाही.

एके काळी परिस्थिती जामीनदाराला थोडी बरी होती. आजारी उद्योगांसाठीच्या १९८५ च्या ‘सिका’ कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. कंपनी बीआयएफआर, म्हणजे औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे असेल, तर तिच्या कर्जाच्या हमीवरचा दावाही मंडळाच्या परवानगीशिवाय लावता येणार नाही, असे कलम २२ मध्ये आले. पाथेजा ब्रदर्स विरुद्ध आयसीआयसीआय या खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण मान्य केले. पुढे त्याची धार कमी होत गेली. कर्जवसुली न्यायाधिकरणातला, म्हणजे डीआरटीतला अर्ज हा ‘दावा’ नव्हे, त्यामुळे तिथे जामीनदाराला आडोसा नाही, असे २०१३ मध्ये ठरले. १ डिसेंबर २०१६ पासून सिका कायदाच रद्द झाला. त्या काळातले अनुभव सांगणारी मंडळी अजून भेटतात. त्यांचा सल्ला प्रामाणिक असतो, पण तो आता लागू पडत नाही.

सिकानंतर आजारी कंपन्यांचा कारभार नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ कडे आला. तिच्या कलम १४ खाली कंपनीचे प्रकरण दाखल करून घेतले की कंपनीविरुद्धचे दावे, वसुली, जप्ती थांबते. हीच स्थगिती जामीनदारालाही मिळावी, असे सुरुवातीला काही न्यायाधिकरणांनी म्हटले होते. जून २०१८ च्या वटहुकुमाने कलमातच स्पष्ट केले की हमी देणाऱ्याला ती लागू नाही. त्याच वर्षी १४ ऑगस्टला स्टेट बँक विरुद्ध व्ही. रामकृष्णन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे स्पष्टीकरण आहे, म्हणून मागच्या प्रकरणांनाही लागू होईल. न्यायालयाने त्यामागचे कारणही दिले. कंपनीची मालमत्ता एकत्र राहावी आणि कंपनी उभी राहावी, यासाठी कलम १४ आहे. जामीनदाराच्या घरावर टाच आल्याने त्या कामात बाधा येत नाही.

कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली की दुसरा धक्का बसतो. आपल्या उदाहरणात समजा बँकेचा दावा ३ कोटींचा, आणि नव्या मालकाने ९० लाख देऊन कंपनी घेतली. कंपनी उरलेल्या २ कोटी १० लाखांतून मोकळी झाली. मग जामीनदारही सुटले असतील, असे कुणालाही वाटेल. करार कायद्याचे कलम १३४ सांगतेच की बँकेने मूळ कर्जदाराला मोकळे केले तर जामीनदार मोकळा होतो. पण ही सुटका बँकेने राजीखुशीने दिलेली नसून कायद्याच्या प्रक्रियेतून आलेली आहे, असे न्यायालये मानतात. या विचाराचे मूळ महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या १९८२ च्या एका खटल्यात आहे: कंपनी अवसायनात गेली तरी तिच्यासाठी दिलेली हमी संपत नाही, असे तेव्हा ठरले. ललितकुमार जैन विरुद्ध भारत सरकार या २१ मे २०२१ च्या निकालात तोच धागा पुढे नेला गेला. योजना मंजूर झाल्याने वैयक्तिक जामीनदार आपोआप सुटत नाही. २ कोटी १० लाखांची नोटीस म्हणूनच येते.

यात एक गोष्ट मला अन्यायाची वाटते. एरवी पैसे भरणारा जामीनदार करार कायद्याच्या कलम १४० खाली बँकेच्या जागी उभा राहतो आणि मूळ कर्जदाराकडून वसूल करू शकतो. कलम १४५ खाली भरपाईही मागू शकतो. पण पुनर्रचना योजनेत हा हक्क संपवता येतो, हे एस्सार स्टीलच्या नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. नवा मालक कोऱ्या पाटीने सुरुवात करतो, बँक जामीनदाराकडे जाते आणि जामीनदाराला मागे वळून पाहायला कुणी उरत नाही. कंपनी सावरावी, हा हेतू चांगलाच आहे. त्याची किंमत मात्र इथे सर्वात दुबळ्या माणसाकडून घेतली जाते. त्यातल्या त्यात एक मार्ग उरतो. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदार आपसांत समान वाट्याने जबाबदार असतात. मेहुण्याने एकट्याने सगळे भरले तर बाकी तिघांकडून त्यांचे वाटे मागण्याचा त्याला हक्क आहे. नात्यात हे मागणे जड जाते, पण हक्क आहे.

आता बँक प्रत्यक्षात काय करते ते पाहू. तिच्यासमोर तीन वाटा असतात आणि त्या एकाच वेळी चालू शकतात.

सर्वात वेगाची वाट सरफेसी कायद्याची, २००२ च्या. त्यात ‘कर्जदार’ या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार येतो. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते, मग १३(४) खाली ताबा आणि त्यानंतर लिलाव. लक्षात ठेवायची बाब अशी की ही वाट फक्त गहाण किंवा तारण असलेल्या मालमत्तेपुरती आहे. मेहुण्याचा कोथरूडचा फ्लॅट यात येईल. धाकट्याच्या पत्नीने नुसती हमी दिली आहे, काही गहाण ठेवलेले नाही, तर तिच्या नावच्या घरावर सरफेसीखाली जाता येणार नाही. शेतजमिनीलाही हा कायदा लागू नाही. पण सातबाऱ्यावर पीक लिहिले आहे एवढ्याने भागत नाही. गोव्यातल्या पार्क हयात हॉटेलच्या प्रकरणात २०१८ मध्ये कर्जदार कंपनीने शेतजमिनीचा मुद्दा मांडला होता. हॉटेलसाठी गहाण पडलेली जमीन शेतजमीन म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. सहकारी बँकाही ही वाट घेऊ शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ मे २०२० रोजी तो प्रश्न निकालात काढला.

दुसरी वाट डीआरटीची. २० लाख आणि त्यावरच्या थकबाकीसाठी बँक तिथे जाते, वसुली प्रमाणपत्र मिळवते आणि मग गहाण नसलेली मालमत्ताही जप्त होऊ शकते. तिसरी वाट एनसीएलटीत जामीनदाराविरुद्धच नादारीचा अर्ज करण्याची. वैयक्तिक जामीनदारांसाठीच्या या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या.

जामीनदाराचे खरे काम पहिल्या नोटिशीपासून सुरू होते, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच गप्प बसतात. ६० दिवसांची नोटीस आली की लेखी हरकत घेता येते. सरफेसीच्या कलम १३(३अ) प्रमाणे बँकेने १५ दिवसांत त्या हरकतीला कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत कलम १७ खाली डीआरटीत दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही न्यायाधिकरणे आहेत. थेट उच्च न्यायालयात धाव घेऊन स्थगिती आणू, हा हट्ट धरू नये. युनायटेड बँकेच्या २०१० च्या गाजलेल्या प्रकरणात दाद मागणारी व्यक्ती जामीनदारच होती, आणि कायद्याने दिलेला डीआरटीचा मार्ग सोडून येणाऱ्यांना उच्च न्यायालयांनी दिलासा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. डीआरटीच्या निकालावर अपील करायचे तर थकबाकीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते; फार तर ती पाव हिश्श्यापर्यंत कमी होते. म्हणून पहिल्या पायरीवरच सगळी कागदपत्रे आणि सगळे मुद्दे मांडलेले बरे.

कोणते मुद्दे? करार कायद्याने जामीनदाराला दिलेली जुनी हत्यारे इथे कामी येतात. कलम १३३ सांगते की जामीनदाराच्या संमतीविना कर्जाच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांसाठी तो मोकळा. ३ कोटींची मर्यादा ५ कोटी केली आणि मेहुण्याची नवी सही घेतलीच नाही, तर तो इथे बोलू शकतो. कलम १४१ माझ्या मते सर्वात मोलाचे: बँकेने आपल्याकडचे तारण गमावले किंवा सोडून दिले, तर त्या तारणाच्या किमतीएवढा जामीनदार सुटतो. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्रच्या १९८० च्या खटल्यात तारण ठेवलेला माल बँकेच्या निष्काळजीपणाने नाहीसा झाला होता आणि जामीनदार सुटला. म्हणून चिंचवडच्या गोडाऊनमधला माल कुणाच्या ताब्यात होता, विमा उतरवला होता का, स्टॉकची तपासणी शेवटची कधी झाली, हे प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. मुदतीचाही मुद्दा असतो. मागणी केल्यावर देय होणाऱ्या हमीत नुसत्या पैशाच्या दाव्यासाठी तीन वर्षे साधारणपणे मागणीपासून मोजली जातात. त्यामुळे हमी वठवल्याची, म्हणजे हमीवर पैसे मागितल्याची, नोटीस कोणत्या तारखेची, हे आधी बघावे.

मोठी अडचण अशी की बँकांच्या छापील हमीपत्रात हे हक्क सोडून दिल्याची कलमे आधीच असतात. ‘कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ चे लाभ मी सोडून देत आहे’ अशा अर्थाचा परिच्छेद बारीक टाइपात बसलेला असतो, आणि अनेक उच्च न्यायालयांनी असा त्याग वैध मानला आहे. म्हणून हमीपत्राची प्रत हातात नसताना बचावाची चर्चा करण्यात काही अर्थ नसतो.

आता नादारीच्या वाटेकडे वळू, कारण जामीनदाराच्या हाती असलेली एकमेव स्थगिती तिथे आहे. बँक संहितेच्या कलम ९५ खाली अर्ज करते. त्याआधी हमी वठवलेली असावी लागते, आणि मागणीची नोटीस देऊन १४ दिवस वाट पाहावी लागते. जामीनदार स्वतःही कलम ९४ खाली २,००० रुपये शुल्क भरून अर्ज करू शकतो. कुणीही अर्ज केला तरी कलम ९६ प्रमाणे त्या तारखेपासून अंतरिम स्थगिती सुरू होते आणि जामीनदाराच्या कर्जांबाबतची चालू कारवाई थांबते. मग न्यायाधिकरण रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमते, तो दहा दिवसांत कागद तपासून अहवाल देतो आणि त्यावर न्यायाधिकरणाने १४ दिवसांत अर्ज स्वीकारायचा की फेटाळायचा, ते ठरवायचे असते. प्रत्यक्षात या मुदती लांबतात.

या टप्प्यावर आपले म्हणणे कुणी ऐकूनच घेत नाही, अशी तक्रार घेऊन अनेक जामीनदार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दिलीप जिवराजका विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ९ नोव्हेंबर २०२३ रोजी तरतुदी वैध ठरल्या. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: प्रोफेशनलचा अहवाल ही फक्त शिफारस आहे, आणि कलम १०० खाली निर्णय देण्याआधी जामीनदाराला बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. म्हणून प्रोफेशनलने माहिती मागितली की टाळाटाळ करू नये. भरणा केल्याचे पुरावे, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, सारे त्याच्यापुढे ठेवावे.

या स्थगितीच्या सीमा ओळखून असावे. ती अर्ज करणाऱ्या जामीनदारापुरतीच असते; एकाच्या स्थगितीत सहजामीनदार लपू शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. ग्राहक आयोगाने बिल्डरला ठोठावलेला दंड तिच्यामुळे थांबत नाही, हे मार्च २०२५ मध्ये, आणि चेक न वटल्याचा फौजदारी खटला थांबत नाही, हे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. लिलावाच्या आदल्या दिवशी कलम ९४ चा अर्ज टाकायचा, तारीख टळली की काढून घ्यायचा, असे प्रकारही झाले. त्यांचे नुकसान खऱ्या अडचणीतल्या लोकांना भोगावे लागणार आहे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठीची ही अंतरिम स्थगितीच काढून टाकण्याची तरतूद होती. म्हणून अर्ज करायच्या दिवशी कलम ९६ कोणत्या रूपात लागू आहे, हे वकिलाला सर्वात आधी विचारावे.

अर्ज स्वीकारला गेला की कलम १०१ ची १८० दिवसांपर्यंतची स्थगिती मिळते. या काळात जामीनदाराला मालमत्ता विकता किंवा हलवता येत नाही. त्याने प्रोफेशनलच्या मदतीने परतफेड योजना तयार करायची: दरमहा किती भरणार, कोणती मालमत्ता विकणार, किती वर्षे लागणार. उपस्थित राहून मतदान करणाऱ्या धनकोंपैकी, रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशांहून अधिकांनी ती मान्य करावी लागते. धनको एकच बँक असेल तर सगळे तिच्या मर्जीवर. पण बँकेचेही गणित असतेच. योजना फेटाळली तर पुढे दिवाळखोरी येते आणि तिथे बँकेला बहुधा उशिरा आणि कमी मिळते. आकडे खरे आणि कागदोपत्री सिद्ध होणारे असतील तर बँकेचे अधिकारीही ते वरिष्ठांपुढे ठेवू शकतात. योजना पार पडली की कलम ११९ खाली मुक्तीचा आदेश मिळतो.

योजना फसली तर बँक किंवा जामीनदार तीन महिन्यांत दिवाळखोरीचा अर्ज करू शकतो. ‘दिवाळखोर’ या शिक्क्याची आपल्याकडे इतकी धास्ती आहे की लोक दागिने मोडतात, सावकाराकडे जातात, पण इकडे फिरकत नाहीत. मला वाटते, या टप्प्याची माहिती लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे. दिवाळखोराची मालमत्ता ट्रस्टीकडे जाते. त्याला संचालक होता येत नाही, परदेशी जायला परवानगी लागते. पण काही वस्तू वगळल्या जातात: कामधंद्याची अवजारे, घरातले आवश्यक सामान, आयुर्विमा आणि पेन्शन, धार्मिक रूढीने अंगावेगळे न करता येणारे १ लाखापर्यंतचे दागिने, आणि गहाण नसलेले एक राहते घर. घराची किंमत मात्र शहरात २० लाखांच्या आणि ग्रामीण भागात १० लाखांच्या आत हवी. पुण्या-मुंबईत २० लाखांत घर येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही मर्यादा वाढवायला हवी. तरीही साधारण वर्षभरात मुक्तीचा आदेश मिळू शकतो आणि जुनी देणी संपतात, फसवणुकीची आणि कायद्याने वगळलेली सोडून. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला या कायद्याने दिलेला हा सर्वात मोठा दिलासा आहे.

तुरुंगाच्या धमकीलाही घाबरू नये. खरोखर ऐपत नसलेल्या ऋणकोला दिवाणी हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकणे घटनेला धरून नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच सांगितले आहे. पण ऐपत असून न भरणारा जामीनदार सप्टेंबर २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ‘विलफुल डिफॉल्टर’ ठरू शकतो. नोटीस आल्यावर घर मुलाच्या नावावर करणे त्याहून वाईट: असा व्यवहार रद्द होऊ शकतो आणि जामीनदाराचा प्रामाणिकपणाच संशयात येतो.

कायद्यात एक मोठी उणीव राहिली आहे. कंपनी चालवणारा, नफा खाणारा प्रवर्तक आणि पाहुण्यांचा शब्द मोडवत नाही म्हणून सही करणारी सून किंवा मेहुणा, यांत संहिता काहीच फरक करत नाही. दोघांनाही तीच कलमे, त्याच मुदती. कंपनीत ज्याचा हिस्सा नाही, ज्याला पगार नाही, त्याची हमी ठरावीक रकमेपुरतीच असावी आणि सहीआधी त्याला बँकेशी संबंध नसलेला स्वतंत्र सल्ला मिळावा, अशी सक्ती कायद्याने करायला हवी.

तोवर प्रत्येकाने आपापली काळजी घ्यावी. हमीवर रकमेची कमाल मर्यादा लिहून घ्या. कायदा त्याला पूर्ण मुभा देतो. संचालकपद सोडताना राजीनाम्याने हमी संपत नाही, हे ध्यानात ठेवा. करार कायद्याच्या कलम १३० खाली पुढच्या व्यवहारांपुरती हमी मागे घेत असल्याची लेखी नोटीस बँकेला द्या, हमीपत्रात त्याला मज्जाव आहे का ते पाहा आणि बँकेचे मुक्तिपत्र हाती आल्याशिवाय विषय संपला असे समजू नका. घरात वडिलांनी किंवा नवऱ्याने कुणासाठी हमी दिली असेल तर तेही विचारून ठेवा. त्यांच्या पश्चात वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते, पण राहते. आणि ज्यांनी आधीच सही केली आहे, त्यांनी बँकेला लेखी अर्ज करून हमीपत्राची प्रत मागून घ्यावी, कंपनीचे खाते सुरळीत चालू असतानाच.